चित्र निघालं कालव्याकडे

दसऱ्याची सुट्टी संपून सोमवारी बोरखेडी पाटबंधारे उपविभागाचं कार्यालय उघडलं, तेव्हा वरिष्ठ लिपिक उज्ज्वला खरमाटे यांच्या संगणकावरचं चित्र पडद्यावरून साडेतीन इंच खाली उतरून टेबलावर आलेलं होतं.

पडद्याचा वरचा साडेतीन इंच भाग काळा ठिक्कर, आणि तेवढंच चित्र खालच्या कडेवरून उतरून टेबलाच्या काचेवर नीट पसरलेलं. उज्ज्वलाबाईंनी आधी काच फडक्यानं पुसली. चित्र पुसलं गेलं नाही, उलट जरा स्वच्छ दिसू लागलं. मग त्यांनी माउस हलवला. पडद्यावरचा बाण खाली आला, कड ओलांडून टेबलावर उतरला आणि टाचण्यांच्या डबीखालून निघून बरोबर तारखेवर जाऊन उभा राहिला. म्हणजे काम होत होतं, आणि आपल्याकडे ज्या गोष्टीनं काम होतं तिला बिघाड म्हणायची पद्धत नाही. बाईंनी टाचण्यांची डबी तेवढी बाजूला ठेवली आणि शेतकऱ्यांचे पाणी-अर्ज नोंदवत बसल्या.

अकरा वाजता त्यांनी स्वतःचा अर्ज उघडला आणि आधी त्याचा तळ शोधला.

तो होता विनंती बदलीचा अर्ज. बाई सहा वर्षं बोरखेडीत होत्या आणि नवरा नि दहावीतली मुलगी कराडला. मध्ये दोनशे ऐंशी किलोमीटर आणि दोनदा बदलायची एस. टी. विनंती बदलीचं पोर्टल तीन वर्षांतून एकदा, आठ दिवसांसाठी उघडतं. मागच्या वेळी ते उघडलं आणि मिटलं तेव्हा बाई निवडणुकीच्या कामावर होत्या. यंदाची शेवटची वेळ शुक्रवार, संध्याकाळी पाच. ती हुकली तर आणखी तीन वर्षं, म्हणजे मुलगी बारावी होऊन शिकायला बाहेर निघालेली असणार आणि बाई बॅग घेऊन घरात शिरत असणार. अर्ज सगळा भरून झाला होता. पण त्याच्या अगदी तळाशी 'सादर करा' असं एक बटण असतं, आणि कार्यालयप्रमुखानं आपल्या संगणकावरून 'शिफारस: होय' केल्याशिवाय ते उजळत नाही. ते बटण आता टेबलाच्या कडेपासून चार बोटांवर होतं. बाईंनी शेजारी पेन्सिलीनं खूण केली. तासाभरानं पाहिलं तर बटण खुणेच्या दोन पेरं पुढे गेलेलं.

उपविभागीय अभियंता डोईफोडे साहेब हे काही मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त 'होय' म्हणायला फार लांबून यावं लागायचं. शिवाय बाई गेल्या की कालव्याच्या आवर्तनाचं, म्हणजे कुणाच्या चारीला कुठल्या दिवशी पाणी, याचं वेळापत्रक करणारं कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं. हे साहेब बोलत नसत, पण बदली हा शब्द ऐकला की त्यांना चहा आठवायचा.

"शिफारस द्यायला माझी ना नाही, मॅडम," साहेब म्हणाले, "पण उद्या वरून कुणी विचारलं, की खाली पडलेल्या चित्रातून भरलेला अर्ज तुम्ही पुढे कसा पाठवलात, तर मी काय तोंड दाखवू? आधी दुरुस्ती होऊ द्या. चहा घेणार?"

"दुसऱ्या संगणकावरून भरते मग."

"भरा की. नेटवर्क कशाला आहे?"

नेटवर्क होतं. कार्यालयातले सहाही संगणक एका तारेत ओवलेले होते. बाई प्रधान लिपिक कुंभारकर भाऊसाहेबांच्या जागेवर जाऊन बसल्या, आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर सूचना आली: 'सदर कर्मचारी अन्यत्र बसलेले आहेत.' बाईंनी मान वळवून आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग उठून तिथं जाऊन बसल्या.

तक्रार नोंदवायला जिल्ह्याच्या संगणक कक्षाला फोन लावला. तिथं तक्रारी तीनच प्रकारच्या घेतात: चित्र नाही, चित्र अंधुक आणि चित्र तिरपं. 'चित्र खाली' असा प्रकार यादीत नव्हता. बाईंनी 'चित्र नाही' घ्यायला सांगितलं. वरच्या साडेतीन इंचांपुरतं ते खरंच होतं.

मंगळवारी भुसारी नावाचा दुरुस्तीवाला आला. चाळिशीचा, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर जगातले सगळे बिघाड पाहून झाल्याची शांतता. तोवर पडदा जवळजवळ रिकामा झाला होता आणि चित्र टेबलाच्या पुढच्या बाजूनं खाली लोंबत होतं. भुसारीनं तार काढली, पिनेवर फुंकर मारली, तार लावली. यंत्र बंद करून चालू केलं. टेबलाच्या फळीवर कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरलं आणि अर्ज पुन्हा होता तसा लोंबू लागला. त्यानं भांडारातून नवा मॉनिटर आणून जोडला. नव्या मॉनिटरवर काहीच आलं नाही. शेवटी त्यानं तोच मॉनिटर उताणा करून टेबलाखाली, चित्राच्या वाटेत ठेवला. चित्र त्याच्यापाशी आलं, पाच-दहा मिनिटं थांबलं आणि वळसा घालून पुढे गेलं.

"मशीन ठीक, पडदा ठीक, नेटवर्क ठीक," भुसारी म्हणाला. "तक्रार काय आहे? चित्र नाही. पण चित्र तर आहे."

"खाली आहे," बाई म्हणाल्या.

"आहे ना? मग तक्रार निकाली. इथं सही करा."

बाईंनी सही केली नाही. त्यांचा आवाज चढला. "शुक्रवारी पाचला माझा अर्ज जायचाय. तुमची तक्रार निकाली निघेल, माझ्या तीन वर्षांचं काय?"

भुसारीला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं फॉर्म उलटून शेवटचं पान काढलं. हे पान सहसा कुणी वाचत नाही. "बिघाडापूर्वी यंत्रावर कुठली प्रक्रिया केली होती?" त्यानं विचारलं.

कुंभारकर भाऊसाहेब इतका वेळ पाठमोरे होऊन कपाट आवरत होते. वर्षभरात त्यांनी कपाट कधी आवरलं नव्हतं.

"खंडेनवमीची पूजा केली होती," ते म्हणाले. "दर वर्षीच करतो. सहाही यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचं फूल."

"आणि उत्तरपूजा?"

भाऊसाहेब वळले. घरी तीस वर्षं गणपती बसवणारा माणूस, पण आत्ता वर्गात पकडल्यासारखा उभा होता. "पाचची एस. टी. होती हो. निघता निघता ताईंच्या यंत्रापाशी आलो, मुठीत अक्षता राहिल्या होत्या. हात आपोआप चालला. अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणालो आणि यंत्र जागेवरून जरासं हलवलं."

"किती?"

"दोन बोटं. गणपतीला हलवतो तेवढंच."

भुसारीनं दोन बोटं असं लिहून घेतलं. "म्हणजे तुम्ही निरोप दिलात," तो म्हणाला. "निरोप दिलेलं चित्र आम्हाला अडवता येत नाही, तसं परिपत्रक आहे. ते आता पाण्याकडे जाणार. वर्षाला दोन-तीन ठिकाणी होतंच हे. इथून जवळचं पाणी कुठलं?"

पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात उभं राहून हा प्रश्न विचारायला छाती लागते. सगळ्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या डाव्या कालव्याकडे पाहिलं.

"कोरडा आहे अजून," डोईफोडे साहेब म्हणाले. "शुक्रवारी चारला पाणी सोडतोय. रब्बीचं पहिलं आवर्तन."

"मग बरोबर शुक्रवारी पोचेल. पुढच्या खंडेनवमीला येईल परत. तसं म्हटलंच आहे यांनी." भुसारीनं पिशवी पाठीला लावली. आपला बिघाड परंपरेत बसतो हे कळल्यानं कार्यालयात जरा हायसं वाटलं. एकट्या उज्ज्वलाबाईंना वाटलं नाही.

बुधवारी चित्र फरशीवर होतं. बाई सतरंजी टाकून, कीबोर्ड मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी बसल्या आणि दिवसभराचे पाणी-अर्ज नोंदवले. 'चित्रावर पाय देऊ नये' अशी पाटी साहेबांच्या सहीनं लागली. एवढी सही मात्र साहेबांनी लगेच केली. दुपारनंतर चित्र जिन्यावर गेलं. तिथं एका पायरीवर बाईंचं नाव, दुसऱ्या पायरीवर पदनाम, तिसऱ्या पायरीवर 'इच्छित ठिकाण: १) कराड' असा अर्ज वाळत घातलेल्या लुगड्यासारखा उतरत गेला. येणारे-जाणारे शेतकरी कठड्याला धरून कडेकडेनं चढत होते आणि चढता चढता वाचत होते. एकानं वर येऊन बाईंना सांगितलं, "जन्मतारीख बघून घ्या हो, माझ्या थोरल्या बहिणीची हीच आहे."

गुरुवारी ते तळमजल्यावरच्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात आलं. डॉक्टर मोमीन वर आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज माझ्या हद्दीत आलाय. माझी काही हरकत नाही. पण आवारात जे येतं त्याची नोंद मला करावी लागते." त्यांनी रुग्ण-नोंदवहीत एक्केचाळिसाव्या क्रमांकावर लिहिलं: मालकाचं नाव खरमाटे, लक्षणं काही नाहीत, चाल बरी आहे. एक म्हैस शैक्षणिक पात्रतेवर येऊन उभी राहिली आणि तिला लस टोचून होईपर्यंत ढिम्म हलली नाही. बाई छत्री घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. उन्हात 'सादर करा' नीट दिसत नव्हतं, पण सावली धरली की दिसायचं. करडं होतं. उजळलं नव्हतं.

त्या दिवसात बाई तीनदा साहेबांकडे गेल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा जेवणात होते, तिसऱ्यांदा समोरच होते पण विचारात होते.

शुक्रवारी सकाळी चित्रानं रस्ता ओलांडला. वरून दोन ट्रॅक्टर आणि एक उसाची बैलगाडी गेली, अर्जाला खरचटलंही नाही. दुपारी अडीचला बटण कालव्याचं सिमेंटचं अस्तर उतरून तळाला लागलं आणि बाकीचा अर्ज काठाच्या उतारावर आला. बाई धापा टाकत जिना चढल्या आणि परवानगी न विचारता साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब, पाणी एक तास उशिरा सोडा."

"सोडलं असतं हो. पण आवर्तन पुढे ढकलायचं पत्र ऑनलाइन जातं, आणि ते काम तुमच्या टेबलाचं आहे. तुमचा संगणक कुठाय?"

"कालव्यात."

"मग कसं ढकलणार?" साहेब खरोखरच हळहळले. "माझे हात बांधलेले आहेत."

बाईंना रडू आलं होतं, पण त्या सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं काढलेल्या बाई होत्या. त्यांनी रडू गिळलं आणि साहेबांच्या भाषेत बोलल्या.

"साहेब, चारला माझं चित्र पाण्यात जाईल. पुढच्या खंडेनवमीपर्यंत मला काम नाही. मी त्या काळ्या पडद्यासमोर वर्षभर नुसती बसून राहीन. जानेवारीत तपासणी आहे. तपासणी अधिकारी विचारतील, ह्या बाई काय करतात? मी खरं ते सांगेन."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. रिकामा बसलेला कर्मचारी ही गोष्ट त्यांनी आजवर पाहिली नव्हती असं नाही, पण कबूल करणारा कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता.

"वेळापत्रक कोण करेल हो, तुम्ही गेल्यावर?" ते हळू आवाजात म्हणाले. इतक्या दिवसांत हे ते पहिल्यांदाच उघड बोलत होते.

"मी राहिले तरी कोण करेल?"

साहेबांनी चष्मा शोधला, तो पुसला, डोळ्यांवर चढवला. पावणेचारला त्यांनी 'होय'वर क्लिक केलं.

बाई कालव्याकडे पळाल्या. माउस आणि कीबोर्ड वर टेबलावरच होते, म्हणून तिथं कुंभारकर भाऊसाहेबांना बसवलं आणि फोन चालू ठेवला. बाई साडी खोचून कोरड्या कालव्यात उतरल्या. बटण तळाशी हिरवंगार उजळलेलं होतं. ते हातानं दाबून काही होत नव्हतं, बाईंनी दाबून पाहिलं होतं.

"भाऊसाहेब, बाण उजवीकडे घ्या. अजून. आता खाली."

"मला काही दिसत नाही हो, ताई. समोर अंधार आहे."

"मला दिसतंय. तुम्ही नुसतं ऐका. खाली, खाली. फार गेलात, वर या."

बाण अस्तरावरून गोगलगायीसारखा उतरला आणि चार वाजून दहा मिनिटांनी बटणावर आला. भाऊसाहेबांनी दाबलं. लगेच वर काठावर, अर्जाच्या मधोमध, एक नवी चौकट उघडली: 'सध्याचे कार्यालय सोडण्याचे कारण लिहा.' बाई हातापायांवर उतार चढून गेल्या.

"लिहा, भाऊसाहेब. कौटुंबिक कारण."

भाऊसाहेबांनी एका बोटानं लिहिलं. चौकट लाल झाली: 'कारण पुरेसे नाही.'

वरच्या अंगाला पाण्याचा आवाज सुरू झाला होता. वर्षाचा पालापाचोळा पुढे ढकलत पाण्याचं तोंड वळणावरून येताना दिसलं.

"वैद्यकीय घालू का, ताई?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नको. मी सांगते तसं लिहा." बाईंचा श्वास लागला होता. "मागच्या महिन्यात घरी गेले, तर मुलगी म्हणाली, आई, तू आहेस तोवर मी हॉलमध्ये झोपते, तुला खोली मोकळी करून देते. पाहुण्यांना देतात तशी. आणि तिनं मला टॉवेल कुठं ठेवलेत ते सांगितलं. माझ्याच घरात. ते टॉवेल मीच आणले होते."

बाईंनी फोन कानाशी दाबून धरला.

"लिहिताय ना?"

"लिहितोय," भाऊसाहेब म्हणाले. "टॉवेलपर्यंत आलोय." एका बोटानं लिहिणारा माणूस, त्याला ते सगळं एकेक अक्षर करत लिहावं लागलं. तळाशी पाणी घोटाभर झालं, पोटरीभर झालं. बटण पाण्याखाली गेलं आणि हलू लागलं. चौकट हिरवी झाली. बाई पुन्हा खाली उतरल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि डळमळत्या बटणावर डळमळता बाण कसा आणायचा ते शब्दाशब्दानं सांगत राहिल्या. चार त्रेपन्नला भाऊसाहेबांनी दाबलं. 'आपला अर्ज प्राप्त झाला' अशी अक्षरं वर तरंगली, आणि मग पाण्यानं सगळं चित्र उचललं नि घेऊन गेलं. बाई पुलापर्यंत काठानं चालत गेल्या. पुलापलीकडे काही दिसलं नाही.

अर्जाचं पुढे काय झालं हे ज्याचं त्याला आपल्याच संगणकावर बघावं लागतं. बाई रोज दहाला येत आणि काळ्या पडद्यासमोर बसत. दोनदा त्यांनी संगणक कक्षाला फोन केला. तिकडून कळलं की तक्रार निकाली निघालेली आहे. साहेबांनी त्यांना पडदा पुसत राहायला सांगितलं, म्हणजे लांबून काम चालू दिसेल. बाई पुसत राहिल्या. घरी त्यांनी काहीच कळवलं नव्हतं, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"पाटबंधारे का? मी सावरगावहून ज्ञानोबा लोंढे बोलतोय. कालव्याच्या शेपटाकडचा. खरमाटे मॅडम आहेत का?"

"बोलतेय. पाणी पोचलं का, काका?"

"पोचलं, यंदा वेळेवर पोचलं. हरभऱ्याला घेतलंय. पण पाण्यासंगं तुमचा अर्जबी आलाय. वाफ्यात उताणा पडलाय. वर तुमचं नाव आन् हापिसाचा नंबर दिसला, म्हणून म्हटलं कळवावं."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना बघून भाऊसाहेब उठले, आणि फोन म्हटल्यावर साहेबही दारात आले.

"काका, उजव्या कोपऱ्यात काही लिहिलंय का बघा."

"थांबा, रोप आडवं आलंय." चिखलात पाय टाकल्याचा आवाज आला. "मंजूर, असं लिहिलंय."

"त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं गाव आहे. पण ते जिरत चाललंय बघा."

बाईंनी अर्जात तीन ठिकाणं दिली होती. दुसरं बोरखेडीपेक्षा लांब होतं आणि तिसरं त्याहून लांब होतं. तीन दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. त्यांनी टेबलाची कड धरली.

"कराड," लोंढे म्हणाले. "कराडच आहे. आन् खाली, तात्काळ कार्यमुक्त व्हावे."

बाईंनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला. "सही आहे का?"

"काका, खाली सही आहे का?"

"आहे की."

"शाई कुठली म्हणावं?" साहेबांनी विचारलं.

"हिरवी," लोंढ्यांनी सांगितलं.

हिरवी शाई म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची सही, तिच्यापुढे साहेबांची शंका चालत नाही. ते आत गेले आणि कार्यमुक्तीचा मसुदा स्वतःच्या हातानं लिहायला बसले.

"मॅडम," फोनवर लोंढे जरा संकोचून म्हणाले, "वाफा भरलाय. पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचंय. तुमचं वाचून झालं असलं तर बदलतो. नसलं तर थांबतो, काही घाई नाही."

"गावाचं नाव एकदा परत वाचता का?"

त्यांनी वाचलं. आता पहिली दोनच अक्षरं उरली होती, तरी त्यांनी पूर्ण वाचलं.

"बदला, काका," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि पलीकडे फावड्यानं माती ओढल्याचा आवाज येईपर्यंत फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.